टेकडीवरचा पांढरा ससा

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील ही हकीकत आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर सकाळी फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आहे. त्या दिवशी उतरणीवरच्या वाळक्या गवतात मला एक पांढराशुभ्र ठिपका दिसला. वाऱ्याने उडून आलेला कागद असावा असे वाटून मी पुढे जाणार, तोच तो ठिपका हलला. जवळ जाऊन पाहतो, तो घाणेरीच्या जाळीच्या तोंडाशी एक ससा बसलेला! डोळे गुंजेसारखे लाल, कान पाठीशी चिकटलेले आणि एका कुशीचे केस मातीने माखलेले. माझ्याआधीच दोन भावंडे तेथे येऊन उभी होती.

मुलगा म्हणाला, "काका, ह्याला कोणीतरी पिंजऱ्यातून मोकळे केले आहे. आता हा रानात मजेत राहील, नाही का?"

त्याची धाकटी बहीण सशाकडे एकटक पाहत होती. तिने विचारले, "पण मग हा पळत का नाही?"

त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका होता. आपल्या भाषेत 'ससा' हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांना लावला जातो, आणि पुष्कळसा घोटाळा तेथूनच सुरू होतो. आपल्या माळरानांवर व टेकड्यांवर जो रानससा आढळतो, तो मातकट तपकिरी रंगाचा असून त्याच्या मानेवर मागील बाजूस काळा पट्टा असतो. चंद्रावरील डागात आपल्या पूर्वजांना ससा दिसला आणि चंद्राला शशांक हे नाव मिळाले. त्यांनी रानावनांत पाहिलेला ससा तो हाच. हा प्राणी बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून तो दिवसभर निपचित पडून राहतो. त्याचा रंग मातीत मिसळून गेलेला असतो. आणि संकट अगदी पुढ्यात आले, म्हणजे मागच्या लांब पायांच्या बळावर तो बाणासारखा सुटतो.

दुकानातील पिंजऱ्यात विकला जाणारा ससा याहून अगदी निराळा. स्पेन व पोर्तुगाल या देशांत जमिनीत बिळे करून कळपाने राहणाऱ्या प्राण्याचा तो वंशज होय. मध्ययुगापासून युरोपातील लोकांनी त्याला मांसासाठी, केसांसाठी आणि पुढे हौसेखातर पाळले. या दोन जातींत इतके अंतर आहे, की त्यांचा संकरही होऊ शकत नाही. तेव्हा टेकडीवर सोडून दिलेला पांढरा ससा काही आपल्या घरी परतलेला नसतो. त्याच्या पूर्वजांचे घर येथून हजारो मैल दूर आहे, आणि खरे पाहता तेही आता त्याचे राहिलेले नाही.

इतक्यात फिरावयास आलेले एक वयस्क गृहस्थ थबकले व म्हणाले, "अहो, ज्याने चोच दिली, तो चाराही देईल. कशाला काळजी करता?"

चारा मिळेलही कदाचित. अडचण केवळ चाऱ्याची नाही. वाळक्या गवतात पांढरा ससा घारीला उंचावरूनही दिसतो. भटकी कुत्री, मांजरे व मुंगूस यांना तर त्याच्या मागे फार धावावेही लागत नाही, कारण माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला हा प्राणी कोणापासून पळावे हेच विसरलेला असतो. त्यातच उन्हाळा. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांच्या वाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंशांच्या वर गेली की तो कासावीस होऊ लागतो, आणि पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो. शिवाय सशाचे पोट सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवस त्याने काही खाल्ले नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावून जिवावर बेतू शकते. एवढे होऊनही तो ओरडत नाही. दुखणे लपवणे हाच दुबळ्या प्राण्याचा बचाव असतो, म्हणून तो गप्प बसून राहतो आणि पाहणाऱ्याला वाटते, की स्वारी मजेत आहे.

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, की ऑस्ट्रेलियात तर सोडलेल्या सशांनी सारा देश व्यापला! ते खरे आहे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे व्हिक्टोरिया प्रांतात मागविले. त्यांची संतती पुढील अर्ध्या शतकात खंडाच्या बहुतेक भागात पसरली, आणि त्यांना अडविण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात १८०० किलोमीटरहून लांब कुंपण घालावे लागले. ते १९०७ साली पुरे झाले. परंतु पाळीव ससे त्या देशात १७८८ सालीच आले होते, आणि सत्तर वर्षे त्यांचा मुख्य भूमीवर असा फैलाव झाला नव्हता. ऑस्टिनने मागविलेल्या सशांत रानटी सशांचे रक्त होते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकतेच्या अभ्यासात दिसून आले. पिंजऱ्यातला ससा आणि रानातला ससा यांतील अंतर यावरून ध्यानी येईल.

मात्र दिसला ससा की उचलला, असेही करून चालत नाही. रानसशाची पिले जन्मतःच अंगभर केसांची व उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना गवतात ठेवून दिवसभर दूर राहते आणि तिन्हीसांजेच्या सुमारास येऊन दूध पाजते. हे दूर राहणे म्हणजेच तिचे राखण होय. जवळ राहिली, तर तिच्या वासाने शत्रू पिलांपर्यंत पोहोचेल. असे तपकिरी पिलू 'पोरके' समजून घरी आणणारा दयाळू मनुष्य त्याला खरोखरच पोरके करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही रानसशाला संरक्षण दिलेले आहे. म्हणून प्रथम रंग पाहावा, कान व अंगाची ठेवण पाहावी, आणि जवळ गेल्यावर तो काय करतो ते पाहावे. पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा किंवा लोंबत्या कानांचा ससा आपल्याकडे रानात जन्मत नाही.

आमच्यासमोरचा ससा पाळीव होता, यात शंका उरली नाही. तो जवळच्या एखाद्या घरातून निसटला असेल, म्हणून मुलगा टेकडीखालच्या चारपाच घरांत विचारून आला. कोणाचाच ससा हरवलेला नव्हता. खरे सांगावयाचे, तर या वेळी मी स्वतः कचरलो. माझे घर तिसऱ्या मजल्यावर, दुपारी तापणारे. ससा नीट सांभाळला तर आठदहा वर्षे जगतो, आणि तेवढी वर्षे त्याला रोज गवत, कुरतडावयास काड्या व फिरावयास मोकळी जागा लागते. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे घरातील विजेच्या तारादेखील त्याला वर्ज्य नाहीत. बहुधा याच कारणांनी कोणीतरी त्याला येथे आणून टाकले असणार. वस्तुतः उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. पण टाकणारा केव्हाच निघून गेला होता आणि ससा समोर होता.

त्या मुलीने माझी अडचण सोडविली. ती म्हणाली, "काका, आपल्याला तो पाळायचा थोडाच आहे? आज इथून न्यायचा आहे."

पाळणे आणि उचलणे या दोन गोष्टींची मी मनात उगाच गाठ घातली होती. संध्याकाळपर्यंत विचार करू म्हटले असते, तर त्या वेळात कुत्र्यांनी निकाल लावला असता.

मुलाने घरून वेताची टोपली, एक जुनी चादर आणि कोथिंबिरीची जुडी आणली. सशाचा पाठलाग करू नये; भेदरून धावताना तो अतिश्रमाने मरू शकतो. म्हणून आम्ही तिघे त्याच्या तीन बाजूंना जमिनीवर बसलो, आणि मुलीने जुडी पुढे सरकवली. पाऊण तास तो जागचा हलला नाही. मग दोन पावले पुढे आला, आणि तो खाण्यात गुंतलेला पाहून मी चादर अलगद टाकली. सशाला कान धरून कधीच उचलू नये. मी एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घातला. मागचे अंग अधांतरी राहिले, तर तो लाथ झाडताना आपलाच कणा मोडून घेतो. टोपलीत गेल्यावर त्याचे काळीज इतके धडधडत होते, की वेतालाही कंप जाणवत होता.

मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा' रुग्णालय ठाऊक असते. आम्ही जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कान, दात व पंजे पाहिले, दूधपाव देऊ नका, गवत व पाणी द्या, असे बजावले आणि पोट हलकेच चाचपून म्हणाले, "ही मादी आहे. हिच्या पोटात पिले असावीत."

त्या भावंडांच्या आईने एक महिन्याच्या कराराने न्हाणीघरालगतची गार खोली दिली. नवव्या दिवशी मुलगी धावत आली. मादी आपल्याच छातीचे केस उपटीत आहे, तिला काही रोग झाला काय, असे तिने घाबरून विचारले. ती बाळंतपणासाठी अंथरूण करीत आहे, असे मी तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या केसांच्या उबेत पाच पिले दिसली. रानसशाच्या पिलांसारखी ती नव्हती; त्यांच्या अंगावर केस नव्हते, डोळे मिटलेले होते आणि लांबी बोटाएवढी. आता एकासाठी नव्हे, सहांसाठी घरे शोधावयाची होती. मुलगा त्याच संध्याकाळी वहीचे पान आखून बसला, आणि पहिल्या ओळीत त्याने माझे नाव लिहिले.