खत कारखान्यांतील जिप्समचा पुनर्वापर : प्रश्न अंतराचा आणि शुद्धतेचा

डीएपीसारखी स्फुरदयुक्त खते तयार करताना फॉस्फोजिप्सम हा उपपदार्थ मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. सिमेंट, घरबांधणी, रस्ते आणि चोपण जमिनींची सुधारणा अशा विविध कामांसाठी तो उपयुक्त ठरला आहे. असे असूनही अनेक कारखान्यांच्या आवारात त्याचे प्रचंड ढिगारे उभे आहेत. एकीकडे हे ढिगारे सांभाळावे लागतात, तर दुसरीकडे भारत ओमानसारख्या देशांतून नैसर्गिक जिप्सम आयात करतो. या विसंगतीची कारणे तंत्रज्ञानापेक्षा वाहतूक खर्चात आणि शुद्धतेच्या हमीत दडलेली आहेत.

फॉस्फोजिप्सम कसे तयार होते?

खनिज फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली असता फॉस्फोरिक आम्ल मिळते. खनिजातील कॅल्शियमचा गंधकाम्लाशी संयोग होऊन जिप्सम, म्हणजेच कॅल्शियम सल्फेट, वेगळे होते. एक टन फॉस्फोरिक आम्लामागे (फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या स्वरूपात मोजल्यास) साधारणपणे साडेचार ते पाच टन जिप्सम बाहेर पडते. अर्थात, मुख्य उत्पादनापेक्षा उपपदार्थाचे वजन कितीतरी अधिक असते.

या जिप्सममध्ये काही प्रमाणात आम्ल, फ्लोराइड आणि फॉस्फेट शिल्लक राहते. खनिज फॉस्फेटमध्ये मुळातच अल्प प्रमाणात युरेनियम आणि रेडियम असते. प्रक्रियेदरम्यान युरेनियमचा बहुतांश भाग आम्लात, तर रेडियमचा बहुतांश भाग जिप्सममध्ये जातो. या अशुद्धी आणि किरणोत्सर्ग यांमुळेच पुनर्वापरावर नियमांची आवश्यकता निर्माण होते.

सिंद्रीचा अनुभव

खतनिर्मितीतील उपपदार्थाचा वापर भारताला नवा नाही. तत्कालीन बिहारमधील (सध्याच्या झारखंडमधील) सिंद्री येथील कारखान्यात १९५१ मध्ये नैसर्गिक जिप्समपासून अमोनियम सल्फेट हे खत तयार होऊ लागले. या प्रक्रियेत कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ उरत असे. शेजारीच उभारण्यात आलेल्या सिमेंट कारखान्यात चुनखडीऐवजी हा गाळ वापरण्यात आला. दोन्ही कारखाने एकमेकांना लागून असल्याने वाहतुकीचा प्रश्नच उद्भवला नाही. फॉस्फोजिप्समपासूनही याच पद्धतीने अमोनियम सल्फेट तयार करता येते.

अंतराची अडचण

सिमेंट लगेच घट्ट होऊ नये म्हणून त्यात साधारण ३ ते ५ टक्के जिप्सम मिसळण्यात येते. त्यामुळे सिमेंट उद्योग हा फॉस्फोजिप्समचा स्वाभाविक ग्राहक आहे. परंतु भारतात खनिज फॉस्फेट बहुतांशी आयात करावे लागते. साहजिकच पारादीप, विशाखापट्टणम, तुतिकोरिन, कोची यांसारख्या बंदरांजवळ हे कारखाने उभे राहिले. सिमेंटचे कारखाने मात्र चुनखडीच्या खाणींजवळ, अनेकदा किनाऱ्यापासून दूर असतात. जिप्सम हा वजनदार आणि स्वस्त पदार्थ असल्याने काहीशे किलोमीटरच्या प्रवासात वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा अधिक होऊ शकतो.

शुद्धतेचाही प्रश्न आहे. फॉस्फेट आणि फ्लोराइडचा अंश अधिक असल्यास सिमेंट घट्ट होण्यास अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यासाठी जिप्सम धुणे किंवा चुन्याने त्याची आम्लता घालवणे आवश्यक असते. या प्रक्रियेमुळे खर्चात आणखी भर पडते.

घरे, रस्ते आणि शेती

जिप्सम आणि काचतंतू यांपासून तयार होणारे पोकळ पॅनेल हा दुसरा पर्याय आहे. १२ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १२४ मिलिमीटर जाडीच्या या पॅनेलमधील पोकळ्यांत गरजेनुसार सळया आणि काँक्रीट भरण्यात येते. आयआयटी मद्रासने २०१३ मध्ये आपल्या आवारात अशा पॅनेलची चार घरांची दुमजली इमारत सुमारे महिनाभरात उभारून दाखवली. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने मुंबईत ट्रॉम्बे येथे, तर कोचीत फॅक्ट आणि आरसीएफ यांच्या संयुक्त कंपनीने असे प्रकल्प हाती घेतले.

रस्तेबांधणीत मोठ्या प्रमाणावर भराव लागत असल्याने त्या क्षेत्राकडूनही अपेक्षा आहेत. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने एका खत कंपनीने बांधलेल्या रस्त्याचे मूल्यमापन केले. त्यानंतर इंडियन रोड्स काँग्रेसने आम्लता काढून टाकलेल्या फॉस्फोजिप्समला महामार्गांसाठी तीन वर्षांची मान्यता दिली. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२३ मध्ये खत विभागाच्या सहकार्याने प्रत्यक्ष चाचण्या घेण्याचे जाहीर केले.

शेतीतील उपयोग सर्वांत जुना आहे. चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढल्याने मातीची रचना बिघडते आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि मोकळा झालेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. मात्र निचऱ्याची व्यवस्था नसल्यास केवळ जिप्सम टाकून उपयोग होत नाही. देशात सुमारे ३८ लाख हेक्टर जमीन चोपण असल्याने ही गरज मोठी आहे.

नियम काय सांगतात?

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या २००९ च्या निर्देशानुसार, रेडियम-२२६ ची पातळी प्रतिग्रॅम १ बेकरेलपर्यंत असल्यास पॅनेल वा विटांसाठी फॉस्फोजिप्सम अन्य घटक न मिसळता वापरता येते. त्याहून अधिक असल्यास इतर घटक मिसळून ही पातळी मर्यादेत आणावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हाताळणी, साठवण आणि विल्हेवाटीबाबत मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत.

अमेरिकेने याबाबत अधिक कठोर धोरण स्वीकारले. तेथे १९८९ पासून, काही अपवाद वगळता, फॉस्फोजिप्सम ढिगाऱ्यांतच साठवणे बंधनकारक आहे. परंतु साठवणही निर्धोक नसल्याचे २०२१ मध्ये फ्लोरिडातील पाइनी पॉइंट येथे दिसून आले. तेथील ढिगाऱ्यावरील जलाशयाला गळती लागली आणि तो फुटण्याचा धोका टाळण्यासाठी सुमारे ८० कोटी लिटर सांडपाणी टँपा उपसागराकडे सोडावे लागले.

म्हणूनच वापर आणि साठवण या दोन्ही पर्यायांत जोखीम आहे. प्रत्येक खेपेची तपासणी, कारखान्यातच होणारी शुद्धीकरण प्रक्रिया आणि जवळच्या अंतरावर मिळणारा ग्राहक या तीन बाबी जेथे एकत्र येतील, तेथेच हे ढिगारे कमी होण्याची शक्यता आहे. सिंद्रीमध्ये सात दशकांपूर्वी जे शक्य झाले, त्याचे कारण तेथील ग्राहक कुंपणापलीकडेच होता.