विश्लेषण : बिनकुलपाच्या गावात न दिसणारे कुलूप! ‘स्मार्ट लॉक’ खोलताना, बदलताना काय पाहावे?

घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, अशी अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरची ख्याती आहे. याच गावात २०११ मध्ये एका बँकेने शाखा उघडली आणि दाराला डोळ्यांना सहज न दिसणारे विजेवरचे कुलूप बसवले. आज तसे कुलूप कोणालाही घरबसल्या मागवता येते आणि हौशी मंडळी ते खोलून त्यात आपल्या सोयीचे बदलही करतात. मात्र वायर जोडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे माहीत हवीत : दार उघडायचा निर्णय दाराच्या कोणत्या बाजूला होतो आणि वीज गेली तर काय होते?

शिंगणापूरच्या बँकेत काय केले?

नेवासा तालुक्यातील या गावात शनिदेवच राखण करतो अशी श्रद्धा आहे. त्यामुळे घरांना चौकटी असल्या तरी दारे नसत. कुत्री आत शिरू नयेत म्हणून फार तर फळी आडवी लावली जाई. जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने येथे शाखा सुरू केली. बँक म्हटली की रोकड आली आणि रोकड आली की बंदोबस्त आला. मार्ग असा निघाला की, दार काचेचे ठेवायचे, कडी-कुलूप दिसू द्यायचे नाही आणि दूरनियंत्रकावर चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप बसवायचे. पुढे २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणेही सुरू झाले.

चुंबकाचे कुलूप कसे चालते?

त्याचे भाग दोनच. चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी. १२ किंवा २४ व्होल्टचा पुरवठा मिळाला की चुंबक पट्टी धरून ठेवतो. बाजारातील सर्रास मिळणाऱ्या कुलपाची पकड ६०० पाउंड, म्हणजे सुमारे २७० किलो सांगितली जाते. मात्र पट्टी चुंबकावर सपाट टेकली तरच ती मिळते. म्हणून पट्टीमागे रबरी वॉशर असतो आणि पट्टी किंचित हलती ठेवलेली असते. ‘ढिली राहिली’ म्हणून ती करकचून आवळली की पकड घटते. मध्ये रंग किंवा धूळ बसली तरी तेच होते.

घरच्या स्मार्ट लॉकच्या पोटात काय असते?

बोटाचा ठसा, आकडे किंवा कार्डावर उघडणाऱ्या कुलपाचे तीन भाग असतात. बाहेरच्या बाजूला ठशाचा सेन्सर आणि आकड्यांची पाटी, दाराच्या जाडीत खिट्टीची पेटी आणि आतल्या बाजूला बॅटऱ्या व मुख्य सर्किट. बाहेरची-आतली बाजू जोडणारी वायर दाराच्या भोकातून जाते. अनेक मॉडेलमध्ये आतील छोटी मोटर खिट्टी ओढतच नाही. एरवी बाहेरची मूठ नुसतीच फिरते. ठसा जुळला की मोटर क्लच जोडते आणि मग खिट्टी माणसाच्या हाताच्या जोराने सरकते. म्हणूनच चार पेन्सिल सेलवर असे कुलूप कित्येक महिने चालते.

कमकुवत जागा कोणती?

पहिली जागा म्हणजे निर्णय घेणारे सर्किट. स्वस्त कीपॅडमध्ये रिले बाहेरच्या डब्यातच असतो. तो डबा स्क्रू काढून उघडला की दोन वायरींचा खेळ उरतो. पासवर्ड कितीही आकडी असला तरी उपयोग नाही.

दुसरी जागा म्हणजे बाहेर उघडी राहिलेली जोडणी. २०१२ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक हॅट परिषदेत कोडी ब्रोशस या संशोधकाने हॉटेलांतील ओनिटी कुलपांच्या खालच्या सॉकेटला छोटे सर्किट जोडून ती उघडता येतात, हे दाखवले होते. काही कुलपांना बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवण्याची सोय असते. ती या प्रकारातली नव्हे. तिने फक्त वीज मिळते. ठसा किंवा आकडे द्यावेच लागतात.

तिसरी जागा ब्लूटूथ. २०१६ च्या डेफकॉन परिषदेत दोन संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलपे तपासली. त्यातील १२ उघडली. काही कुलपे तर पासवर्ड जसाच्या तसा हवेतून पाठवत होती.

बदल करायचे तर कोणते?

सर्वात उपयोगाचा बदल म्हणजे रिले आणि कंट्रोलर घराच्या आत घेणे. बाहेर फक्त कार्ड किंवा आकडे वाचणारा भाग ठेवावा. चुंबकाच्या कॉइलला उलटा डायोड जोडावा. नाहीतर वीज तुटताना उसळणारा दाब कंट्रोलर जाळू शकतो. आतून बाहेर पडण्यासाठीचे बटण थेट चुंबकाचा पुरवठा तोडणारे असावे, कंट्रोलर अडकला तरी दार उघडले पाहिजे.

शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्या हातांचे ठसे झिजतात, भेगाळतात. अशा घरात प्रत्येकाची दोन-तीन बोटे नोंदवावीत आणि आकड्यांचा पर्यायही चालू ठेवावा. कारखान्याहून आलेला मूळ मास्टर कोड तर पहिल्याच दिवशी बदलावा. खोललेल्या कुलपाची वॉरंटी सहसा जाते आणि भाड्याच्या घरात मालकाला विचारल्याशिवाय दाराला हात लावू नये.

वीज गेली तर?

चुंबकाचे कुलूप वीज जाताच सुटते. आग लागल्यास आतली माणसे बाहेर पडू शकतात, ही त्याची जमेची बाजू. भारनियमनात दार सताड मोकळे होते, ही दुसरी. म्हणून त्याला बॅटरी हवीच. अर्धा अँपिअर घेणारे १२ व्होल्टचे कुलूप सात अँपिअर-तासाच्या बॅटरीवर कागदावर १४ तास चालते, प्रत्यक्षात त्याहून कमी. बॅटरी जुनी झाली की हा काळ आणखी घटतो.

खिट्टीच्या कुलपाचे उलट असते. सेल संपले तरी ते बंदच राहते. त्यामुळे त्याची साधी किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे असावी. घरातल्या कपाटात ठेवलेली किल्ली ऐनवेळी कामाची नाही. आतली मूठ मात्र सेलशिवायही फिरली पाहिजे. म्हातारी माणसे आणि मुले ती फिरवू शकतात का, हेही पाहावे.

काम झाल्यावरची चाचणी दार उघडे ठेवूनच घ्यावी. खिट्टी हवेत पुढे-मागे होते का, सेल काढल्यावर काय होते, मुख्य स्विच बंद केल्यावर काय होते, हे निदान दहा वेळा पाहावे. त्यानंतरच दार ओढून घ्यावे आणि तेही घरात दुसरे कोणी असताना.