फिलिपिन्समधील जमीन सुधारणा

फिलिपिन्समधील जमीन सुधारणा म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या ताब्यातील शेतजमीन ती प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांच्या व शेतमजुरांच्या मालकीची व्हावी, यासाठी त्या देशात झालेले कायदे आणि चळवळी होत. १९३३ पासून या विषयावर एकामागून एक कायदे झाले. मात्र कमाल धारणेची मर्यादा, पिकांचे अपवाद आणि अंमलबजावणीच्या अटी यांतून जमीनदारांना पळवाटा मिळत गेल्या. त्यामुळे कुळाला मालक होण्यासाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागली.

पार्श्वभूमी

स्पॅनिश राजवटीत (१५६५ ते १८९८) मनिलाच्या आसपासच्या प्रांतांतील विस्तीर्ण जमिनी कॅथलिक धर्मसंघांकडे गेल्या. अशा मोठ्या जमिनीस ‘हासिएन्दा’ म्हणत. संघाकडून ठरावीक खंडाने जमीन घेणारा तो ‘इन्किलिनो’ आणि त्याच्याकडून अर्धेलीने घेऊन ती प्रत्यक्ष कसणारा तो ‘कासामा’. पीक हाती येईपर्यंत कासामाला खाण्यासाठी तांदूळ उसना घ्यावा लागे. कापणीनंतर खर्च व व्याजासह उसनवारी वजा झाली की उरलेल्या वाट्यावर वर्ष निघत नसे. त्यामुळे तो पुन्हा कर्ज काढी आणि हे कर्ज अनेकदा बापाकडून मुलाकडे येई. राष्ट्रपुरुष जोसे रिझाल यांचे कुटुंब कलांबा येथे डोमिनिकन संघाच्या जमिनीवर इन्किलिनो होते. खंडाच्या वादातून १८९०-९१ च्या सुमारास या कुटुंबासह अनेकांना तेथून हुसकावण्यात आले.

अमेरिकन राजवट

अमेरिकन सरकारने १९०३ मध्ये धर्मसंघांची सुमारे १,६६,००० हेक्टर जमीन सुमारे ७० लाख डॉलरना विकत घेतली. ती कुळांना विकण्याचा हेतू जाहीर झाला होता. परंतु कुळांजवळ पैसा नसल्याने बरीच जमीन धनिकांकडे गेली. १९३३ च्या कायद्याने भातशेतीत मालक व कूळ यांचा निम्मा-निम्मा वाटा ठरवला. मात्र प्रांतातील बहुसंख्य नगरपरिषदांनी मागणी केली तरच तो लागू होणार होता आणि त्या परिषदांवर जमीनदारांचेच वर्चस्व होते.

हुक उठाव

मध्य लुझॉनमधील शेतकऱ्यांनी जपानी आक्रमणाविरुद्ध मार्च १९४२ मध्ये ‘हुक्बालाहाप’ ही गनिमी सेना उभारली. युद्धानंतर जमीनदार परत आले आणि जुनेच वाटे मागू लागले. या सेनेचे नेते लुईस तारुक व त्यांचे काही सहकारी १९४६ मध्ये संसदेवर निवडून आले, पण त्यांना जागा नाकारण्यात आल्या. त्यानंतर पेटलेला सशस्त्र उठाव १९५४ मध्ये तारुक यांच्या शरणागतीनंतर ओसरला. राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांनी १९५४ व १९५५ मध्ये कुळांसाठी कायदे केले. तथापि १९५५ च्या कायद्यात खाजगी मालकाला सलग ३०० हेक्टर भातजमीन ठेवता येत होती. मॅगसेसे यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ मध्ये प्रथम देण्यात आला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत भूदान चळवळीचे प्रवर्तक विनोबा भावे होते.

१९६३ व १९७२ चे कायदे

दिओसदादो माकापागाल यांच्या कारकिर्दीत ८ ऑगस्ट १९६३ रोजी झालेल्या संहितेने अर्धेलीची पद्धत रद्द ठरवली. तिच्या जागी सरासरी निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंतचा खंड आणला आणि कमाल धारणा ७५ हेक्टर केली. परंतु शासनाने जेथे जमीन सुधारणा क्षेत्र घोषित केले, तेथेच बदल प्रत्यक्षात यावयाचा होता.

फर्डिनांड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारल्यानंतर २१ ऑक्टोबर १९७२ रोजी २७ क्रमांकाचा हुकूम काढला. त्यानुसार भात व मका पिकवणाऱ्या कुळाला बागायत ३ किंवा जिरायत ५ हेक्टर जमीन मिळणार होती. तिची किंमत सरासरी वार्षिक पिकाच्या अडीचपट ठरली. ती ६ टक्के व्याजाने १५ वर्षांत फेडावयाची होती. मालकाला ७ हेक्टर जमीन ठेवता येई. ऊस व नारळाच्या जमिनी हुकुमातून वगळल्या होत्या. त्यामुळे नेग्रोस बेटावरील ऊसमजुरांना त्याचा लाभ झाला नाही.

१९८८ चा सर्वंकष कायदा

२२ जानेवारी १९८७ रोजी मनिलातील मेंदिओला पुलाजवळ जमिनीची मागणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार होऊन किमान १२ जण ठार झाले. पुढे १० जून १९८८ रोजी राष्ट्राध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी सर्व पिकांच्या जमिनींना लागू होणारा कायदा मंजूर केला. मालकासाठी ५ हेक्टर आणि स्वतः शेती करणाऱ्या, १५ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक अपत्यासाठी ३ हेक्टर ही मर्यादा ठरली. त्याचबरोबर कंपन्यांना जमिनीऐवजी समभाग वाटण्याची मुभा देण्यात आली.

तार्लाक प्रांतातील, अक्विनो यांच्या माहेरच्या कोहुआंग्को कुटुंबाच्या हासिएन्दा लुइसिता या ऊसमळ्याने हाच मार्ग स्वीकारला. मजूर कागदोपत्री भागधारक झाले, पण जमीन कंपनीकडेच राहिली. नोव्हेंबर २००४ मधील संपात गोळीबार होऊन ७ जणांचा मृत्यू झाला. अखेर नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ४,९०० हेक्टर जमीन ६,००० हून अधिक मजुरांत वाटण्याचा आदेश दिला.

कर्जमुक्ती

२००९ च्या दुरुस्तीने जमीन संपादनाची मुदत २०१४ पर्यंत वाढवली. जमीन मिळालेल्या अनेकांना मात्र तिचे हप्ते फेडणे जड गेले. जुलै २०२३ मध्ये फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांनी मंजूर केलेल्या कायद्याने सुमारे ६ लाख १० हजार लाभार्थ्यांचे सुमारे ५७.५ अब्ज पेसोंचे कर्ज माफ झाले. १९७२ च्या हुकुमाने जमीन घेतलेल्या कुळांपैकी ज्यांची थकबाकी उरली होती, त्यांना कर्जमुक्ती मिळण्यास अर्धे शतक लागले.