पित्ताची वाट, तोंडातून गाठलेली

यकृत रोज पाऊण लिटरच्या आसपास पित्त तयार करतं, आणि ते सगळं आतड्यात पोचतं अवघ्या सहा-सात मिलिमीटर रुंदीच्या एका नळीतून! पित्ताशय ही तिच्या बाजूची साठवणीची पिशवी. खड्यांमुळे ती काढली तरी माणसाचं काही अडत नाही. पण काढताना क्वचित शेजारची मुख्य पित्तनलिका दुखावते. मग जखम भरते, वण आकसतो आणि वाट चिंचोळी होत जाते.

ही जागा यकृताखाली, खोलवर. पोट न उघडता तिथे जायचं कसं? तोंडावाटे! दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते. पित्तनलिकेचं तोंड तिथे बाजूच्या भिंतीवर असतं, म्हणून या दुर्बिणीचा डोळाही समोर नाही, बाजूला बघणारा! त्या इवल्या तोंडातून मिलिमीटरहूनही बारीक तार वर सरकवायची, पित्त वाहतं त्याच्या उलट दिशेने, थेट अरुंद जागेच्या पलीकडे. एक्स-रेवर दिसणारं औषध सोडलं की वाट दिसते. अमेरिकेत विल्यम मॅक्क्युन यांनी 1968 मध्ये हा मार्ग दाखवला. यालाच आज ईआरसीपी म्हणतात.

मग तारेवरून फुगा नेऊन अरुंद भाग रुंदावतात. पण वण हट्टी. फुगा काढला की पुन्हा आवळतो. त्यावर उपाय काय? टोचलेलं नाक बुजू नये म्हणून आपल्याकडे कडुनिंबाची काडी घालून ठेवतात ना, अगदी तोच! तीनेक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, आत ठेवायचा. स्टेंट गाळाने तुंबतो, म्हणून साधारण तीन महिन्यांनी बदलायचा. आणि खरी कमाल पुढेच आहे: दर खेपेला एकाशेजारी एक जास्त स्टेंट बसवायचे. रोममध्ये गुइदो कोस्तामान्या यांनी ही पद्धत रुजवली. वर्षभरात वण नव्या रुंदीत स्थिरावतो. मग सगळे स्टेंट काढून टाकायचे. आत काहीच उरत नाही, तरी बहुतेकांची वाट मोकळी राहते!

पित्तनलिका पूर्ण तुटली असेल तर मात्र बहुधा शस्त्रक्रियेने ती आतड्याला जोडावी लागते.

म्हणून एवढं कराच. पित्ताशय काढल्यानंतर, मग महिने लोटले असले तरी, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा थंडी वाजून ताप आला, तर काविळीच्या झाडपाल्यात दिवस घालवू नका. डॉक्टरांना जुन्या शस्त्रक्रियेबद्दल आधी सांगा. आणि स्टेंट बसवला असेल, तर तो बदलण्याची तारीख कधीही चुकवू नका.