आधी पाया, मग प्रमाणपत्र

माहिती सुरक्षेत नव्याने येणाऱ्याने सर्वांत नावाजलेल्या प्रमाणपत्रामागे आधी धावू नये. सीआयएसएसपी या अशाच प्रमाणपत्रासाठी आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत एकूण ५ वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित पदवीमुळे त्यातले एकच वर्ष कमी होते. अनुभवाविना उत्तीर्ण झालेल्याला ‘असोसिएट’ म्हणतात आणि अनुभव जमवायला ६ वर्षे मिळतात. सिक्युरिटी प्लस या प्राथमिक प्रमाणपत्राला मात्र अनुभवाची सक्ती नाही. त्याच्या परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवायचे असतात. नोकरीच्या जाहिराती मोठेच प्रमाणपत्र मागतात, हा आक्षेप रास्त आहे. पण सर्व्हरच्या लॉगमध्ये रात्री दोन वाजता झालेले शेकडो फसलेले लॉगिन ज्याला ओळखता येत नाहीत, त्याला प्रमाणपत्र तारत नाही. म्हणून नेटवर्किंग आणि लिनक्स पक्के करा, व्हर्च्युअल मशीनवर सराव करा आणि मगच परीक्षेचे शुल्क भरा.