माशांच्या पेटीतली हिरवळ

आमच्या शाळेत माशांची काचेची पेटी होती. पहिल्याच महिन्यात सहा मासे मेले. पाणी तर नितळ दिसे! पण मासे पाण्यातच घाण करतात. तिचा अमोनिया होतो. तो फार जहाल. पाण्यातले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. आपण पिकाला युरिया घालतो ना, त्याचेही जमिनीत असेच होते. नायट्रेट हे झाडाचे खाद्यच. माशांना मात्र ते फार साठले की बाधते.

मग आम्ही ओढ्यातल्या पाणवनस्पती धुऊन पेटीत लावल्या. त्या वाढताना अमोनिया अन् नायट्रेट शोषतात. वाढलेल्या फांद्या छाटून बाहेर काढायच्या, बरं का! आत कुजल्या तर घाण परत पाण्यातच. आमची छाट परसातल्या अळवाला जाई. थोडे पाणी मात्र दर आठवड्याला बदलावेच लागे.