डीजेशिवाय छातीत घुमणारा ‘बेस’! जॅझचा डबल बेस कसा घडतो, त्याला यवतमाळचे सागवान चालेल का?

यवतमाळ : दुर्गोत्सवात मंडपाजवळून जाताना डीजेचा ‘बेस’ कानाआधी छातीला जाणवतो. तसाच खोल आवाज विजेशिवाय, फक्त लाकूड आणि तारांतून काढणारे वाद्य म्हणजे डबल बेस. उंची साधारण सहा फूट. जॅझमध्ये ते उभे राहून आणि गजाऐवजी बहुतेक वेळ बोटांनी वाजवतात. मात्र मोठ्या मंचावर अ‍ॅम्प्लिफायरला जोडले की हेच गुणी वाद्य हुंकारू लागते. असे का होते? कारागीर त्यावर काय उपाय करतो? समजून घेऊया.

मोबाईलवर हा आवाज नीट का येत नाही?

डबल बेसला सहसा चार तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. मोबाईलचा इवलासा स्पीकर २०० कंपनांच्या खाली जवळजवळ गप्प असतो. तरीही स्वर ओळखू येतो, कारण मूळ स्वरासोबत निघणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू खालचा स्वर ताडतो. म्हणून हे वाद्य ऐकायचे तर इअरफोन लावाच.

मग अ‍ॅम्प्लिफायर कशाला?

४१ कंपनांच्या आवाजाची एक लाट आठ मीटरहून लांब असते आणि वाद्याची पेटी जेमतेम सव्वा मीटरची. एवढ्याशा पेटीला ती लाट जोरात ढकलता येत नाही. शेजारी ड्रम आणि ट्रम्पेट असले की बेस बुडतो.

मुंबईने हे वाद्य जवळून पाहिले आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा जॅझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पुढे गोव्याच्या वादकांनी हे संगीत आपलेसे केले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातही नेले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक यांच्यासोबत बेसवादक यूजीन राइट भारतात आले. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला.

दरम्यान, १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी इलेक्ट्रिक बेस गिटार बाजारात आणली. वजनाला हलकी, आवाजाला हवी तेवढी मोठी. जगभरच्या ऑर्केस्ट्रांनी ती उचलली. पण तिचे अंग भरीव लाकडाचे. बोट सुटताच ‘धप्प’ उमटून हळूहळू विरणारा पोकळ पेटीचा आवाज तिच्यात नाही. म्हणूनच जॅझवाल्यांनी डबल बेस सोडला नाही.

अडचण नेमकी कुठे?

मंडपात माईक स्पीकरसमोर गेला की ‘कुंईऽऽ’ असा आवाज येतो. डबल बेसचेही तसेच. तारांच्या घोडीत पिकअप नावाचा छोटा तुकडा बसवतात. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरसारखेच त्याचे तत्त्व : दाब पडला की वीज तयार होते. ती अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पीकरला जाते. स्पीकरचा आवाज वाद्याच्या पातळ, मोठ्या दर्शनी फळीवर आदळतो. फळी पुन्हा थरथरते, पिकअप ते पुन्हा पकडतो आणि चक्र सुरू होते. फरक इतकाच की इथे ‘कुंईऽऽ’ नव्हे, तर खोल ‘हूंऽऽ’ येते.

गंमत अशी, की वाद्य जितके संवेदनशील, तितका हा धोका मोठा. विजेशिवाय उत्तम बोलणारा बेस मंचावर सर्वांत आधी बिथरतो.

कारागीर काय करतो?

दर्शनी फळी आतून-बाहेरून कोरताना तो जाडीचा तोल साधतो. फार पातळ ठेवली तर हुंकार, फार जाड ठेवली तर मुका आवाज. म्हणूनच स्वस्त प्लायवूडचे बेस मंचावर अनेकदा शांत वागतात. कोरीव बेसचा गोडवा आणि प्लायवूडचा संयम यांच्यामधली जागा शोधणे, हीच खरी कारागिरी.

घोडीला उंची कमी-जास्त करणारे स्क्रू बसवतात. अ‍ॅम्प्लिफायर असल्याने तार जोरात खेचावी लागत नाही. त्यामुळे तारा खाली आणता येतात आणि बोटे वेगाने फिरतात.

सागवान चालेल?

दर्शनी फळीसाठी स्प्रूस हे थंड प्रदेशातले लाकूड वापरतात, कारण ते हलके असूनही ताठ असते. सागवान त्याच्या साधारण दीडपट जड, पण ताठपणा त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय अंगच्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही. दरवाजाला उत्तम, फळीला नाही.

मात्र आपल्या जंगलाचे नाते अगदीच तुटत नाही. बोटे जिच्यावर दाबतात ती काळी पट्टी आबनुसाची असते. आबनूस आणि आपला तेंदू एकाच कुळातले.

यवतमाळच्या मे महिन्यात टिकेल?

खरी परीक्षा हीच. कोरड्या उन्हात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते आणि तारांची उंचीही बदलते. कारागीर सांधे मुद्दाम जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसाने जोडतात. ताण वाढला की फळी चिरण्याआधी सांधा सुटतो, तो पुन्हा जोडता येतो. चीर दुरुस्त करणे मात्र महागात पडते.

महाराष्ट्रात असे हात आहेत?

फळीची जाडी हाताने पारखण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. मिरजेत सतार-तंबोऱ्याची तबली तुणाच्या लाकडातून अशीच घडते. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. वाद्य वेगळे, पण लाकडाला बोलते करण्याचा प्रश्न तोच.

वादकांनी काय लक्षात ठेवावे?

• वाद्य घेताना अ‍ॅम्प्लिफायर लावूनच ऐका. दुकानातल्या शांततेत सगळेच गोड वाटते.

• पिकअपसाठी योग्य प्रीअ‍ॅम्प वापरा, नाहीतर खालचे स्वरच गळतात.

• हुंकार आला तर आधी स्पीकरची जागा बदला. मग फेजचे बटण फिरवून पाहा, अगदी खालची कंपने कापा. पेटीवरच्या भोकांत स्पंज कोंबूनही फरक पडतो.

• एवढे करूनही थांबले नाही, तरच आवाज कमी करा.

थोडक्यात, अ‍ॅम्प्लिफायर आल्याने हाताचे काम संपले नाही. उलट ते जोखमीचे झाले, कारण लाकडातली छोटीशी चूकही आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते.